भाकरीतलं पाणी, चटणीतलं तेल

ज्वारीच्या भाकरीबद्दल आजकाल दोन सुरांत बोललं जातं. एक सूर जुना आहे: भाकरी-चटणी हे गरिबाचं जेवण, घरात दुसरं काही नसलं की खायचं. दुसरा २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झाल्यापासून वाढलेला: भाकरी म्हणजे जणू औषधच, तिने साखर आटोक्यात राहते, वजन उतरतं, आणखी काय काय होतं. या दोन्ही सुरांत भाकरी करणाऱ्या हाताचा विचार राहून जातो. भाकरी थापणं आणि चटणी कुटणं हे एक तंत्र आहे, आणि धाराशिव जिल्ह्यात घरोघरी ते ज्या रीतीने चालतं ती नीट पाहिली तर जवळजवळ प्रत्येक कृती पाण्याभोवती फिरते. ते कुठे घालायचं, किती कढत घालायचं, कधी त्याची वाफ करायची आणि कुठे त्याचा थेंबही उरू द्यायचा नाही, हेच या स्वयंपाकाचं खरं कसब. जिथून पाणी काढून टाकलं जातं तिथे चव आणि ओलावा द्यायला तेल येतं, तेही बहुतेकदा बाटलीतलं नाही, दाण्याच्या पोटातलं. एवढं लक्षात घेतलं की भाकरी का चिरते, चटणी का खवट होते, ठेचा दोन दिवसांत का उतरतो, या प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात.

सुरुवात शेतातूनच करावी लागते. हा जिल्हा बालाघाटाच्या रांगांवर आणि उतारांवर पसरलेला. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या इथल्या नद्या, पण बारमाही भरवशाची त्यांत एकही नाही. पाऊस सरासरीने सात-आठशे मिलिमीटरच्या घरात, पश्चिमेला परंड्याकडे त्याहून कमी, आणि तोही वेळेवर येईलच असं नाही. अशा मुलखात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी आभाळाकडे बघत वाढत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. काळ्या मातीत चिकणमाती भरपूर असल्याने ती ही ओल महिनोन्‌महिने धरून ठेवते. कणीस बाहेर पडतं तोवर पाऊस संपलेला असतो आणि दाणा भरतो तो कोरड्या थंडीत. याचा परिणाम थेट ताटात दिसतो. खरिपाच्या ज्वारीला दाणा भरताना पाऊस लागला तर कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि भाकरीला कडवट वास येतो. रब्बीचा दाणा पांढरा, टपोरा, चकचकीत राहतो. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं ‘एम ३५-१’ हे वाण आज नव्वदीकडे झुकलं असलं तरी भाकरीच्या चवीचं माप अजून त्याच्याच दाण्याने घेतलं जातं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने परभणी मोती, परभणी ज्योती अशी वाणं काढली, पण बाजारात ज्वारीच्या पोत्यापुढे उभा राहिलेला गिऱ्हाईक ‘मालदांडी आहे का’ हेच आधी विचारतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तिचं वैशिष्ट्यही हेच: खोल काळी जमीन आणि ओलीवर पोसलेलं पीक.

आता पीठ. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लुटेन नावाचं प्रथिनांचं जाळं तयार होतं. ते ताणलं जातं, म्हणून पोळी लाटता येते आणि उचलताना फाटत नाही. ज्वारीत हे जाळं होत नाही, कारण तिची मुख्य प्रथिनं, ज्यांना काफिरिन म्हणतात, पाण्याला दाद देत नाहीत. मग गोळा धरून ठेवायचा कशाने? पिष्टाने. पिष्टाचे कण गार पाण्यात जवळजवळ जसेच्या तसे राहतात. पाणी सत्तर अंशांच्या आसपास गेलं की ते फुगतात आणि चिकट होतात, आणि ज्वारीच्या पिष्टाला त्यासाठी गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून कोमट पाण्याने काम होत नाही, आधणच हवं. काठवटीत किंवा परातीत पिठाला मधोमध आळं करून कढत पाणी ओतायचं, उलथन्याने कालवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. सगळं पीठ शिजवायचं नसतं, ते काम मोदकाच्या उकडीचं. इथे पिठाचा थोडा भाग शिजतो आणि बाकीच्या कोऱ्या कणांना धरून ठेवतो. रगडण्याचा हेतूही कणीक तिंबण्याहून निराळा. कणकेत जाळं घडवायचं असतं, इथे चिकटपणा कणाकणापर्यंत पोचवायचा असतो. म्हणून ज्वारीचं पीठ भिजवून, झाकून मुरवत नाहीत. एका वेळी एका भाकरीपुरता गोळा मळायचा, थापायचा, तव्यावर टाकायचा. ठेवलेला गोळा वरून सुकतो आणि थापताना फाटतो.

यावर कोणीही म्हणेल की कित्येक घरांत साध्या पाण्यात पीठ मळून सुरेख भाकऱ्या होतात, मग आधणाचा एवढा बाऊ कशाला? हरकत खरी आहे. फरक पिठात आहे. गिरणीतून नुकतंच आलेलं, बारीक दळलेलं पीठ पाणी लवकर पितं. दळताना पिष्टाचे काही कण भरडले जातात, आणि असे मोडलेले कण गार पाण्यातही ओल धरतात. त्यात सरावलेला हात असला तर आधणाची गरज उरत नाही. पण पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, गोळ्याला चिकटपणा येत नाही आणि कितीही मळलं तरी कडा चिरतात. ज्वारीच्या दाण्याचा अंकुर मोठा आणि तेलकट असतो. दळल्यावर ते तेल सगळ्या पिठाला लागतं, हवेने बिघडतं आणि पिठाला खवट, कडसर चव येते. शहरातल्या दुकानातलं पाकीटबंद पीठ दळून किती दिवस झाले हे विकत घेणाऱ्याला सहसा कळत नाही, आणि ‘आम्हाला भाकरी जमत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा दोष हाताचा नसून पिठाचा असतो. उपाय जुनाच आहे: आठ-दहा दिवसांपुरतं दळून आणायचं, उरलं तर घट्ट झाकणाच्या डब्यात थंड ठिकाणी ठेवायचं, आणि शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळायचं. थोडं उडदाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळण्याची युक्तीही चालते, पण ती खरी दुरुस्ती नव्हे.

थापलेली भाकरी तव्यावर टाकताना खालची, पीठ लागलेली बाजू वर येते, आणि लगेच तिच्यावर पाण्याचा हात फिरवला जातो. पुस्तकातल्या पाककृतींत हे एका ओळीत उरकतं, पण सगळ्या भाकरीचं भवितव्य इथे ठरतं. थापताना वापरलेलं कोरडं पीठ वरच्या बाजूवर सुटं पडलेलं असतं. त्याला पाणी मिळालं की तव्याच्या उष्णतेने तेही शिजतं आणि पृष्ठभागावर एक सलग, लवचीक पातळ थर बसतो. पाणी लावलंच नाही तर ते पीठ तसंच जळतं आणि पृष्ठभागाला बारीक भेगा पडतात. पाणी सुकत आलं की उलटायची, अगदी कोरडं होईपर्यंत वाट पाहायची नाही. दुसरी बाजू नीट भाजली की भाकरी तव्यावरून काढून आरावर किंवा गॅसच्या जाळावर धरायची. आतलं पाणी आता वाफ होऊन सोळाशेपट जागा मागू लागतं. वरचा थर सलग असेल तर ती वाफ त्याला उचलते आणि पापुद्रा सुटतो. कुठे चीर असेल तर वाफ तिथून निसटते आणि भाकरी चपटीच राहते. म्हणजे न फुगलेल्या भाकरीची चौकशी तव्यापासून नाही, काठवटीपासून सुरू करायला हवी. पापुद्रा ही काही शोभेची गोष्ट नाही. भाकरी आतून शिजली, पीठकट राहिली नाही, याची ती खूण आहे.

इथवर पाणी घालण्याचं तंत्र झालं. ते काढून टाकण्याचं तंत्र कडक भाकरीत दिसतं. अक्कलकोट, सोलापूर, उमरगा आणि सीमेपलीकडे कलबुर्गीपर्यंतच्या पट्ट्यात पातळ थापलेली भाकरी दोन्ही बाजूंनी भाजून झाल्यावर मंद आचेवर दाबत, वाळवत राहतात, ती पापडासारखी खडखडीत होईपर्यंत. अशी भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. अन्नशास्त्रात पदार्थातल्या सुट्या पाण्याचं मोजमाप शून्य ते एक या पट्टीवर करतात. शुद्ध पाणी म्हणजे एक. साधारण ०.८५च्या खाली बहुतेक रोगकारक जिवाणू वाढत नाहीत आणि ०.६च्या खाली बुरशीलाही जगता येत नाही. मऊ भाकरी या पट्टीवर फार वर असते, म्हणून पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिच्यावर बुरशी येते. कडक भाकरी ती रेघ ओलांडून खाली गेलेली असते. शिळ्या भाकरीचा कडकपणा मात्र निराळा. रात्रीची भाकरी सकाळी ताठ होते ती वाळल्यामुळे तितकीशी नाही, शिजून मोकळं झालेलं पिष्ट गार झाल्यावर पुन्हा आवळून बसतं म्हणून. तिच्यात पाणी असतंच, फक्त ते सोडवायला उष्णता लागते. सकाळी तिचा कुस्करा करून, पाण्याचा हबका मारून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतला की ती पुन्हा मऊ होते याचं कारण हेच. आणि लाह्या तर वाफेचाच खेळ. नागपंचमीच्या आधी ज्वारीला पाणी चोळून, मुरवून तापलेल्या कढईत टाकतात. दाण्याच्या टणक सालीत कोंडलेल्या पाण्याची वाफ होते आणि साल फोडून पिष्ट बाहेर फुलतं. अगदी कोरडा दाणा नुसता करपतो.

एवढ्या कोरड्या, बिनतेलाच्या भाकरीला जोड हवी ती स्निग्धतेची, आणि इथे चटणी येते. शेंगदाण्यात आणि तिळात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, जवसात चाळीस टक्क्यांच्या आसपास, कारळ्यात तीस ते चाळीस. ही तेलबियांची पिकं याच कोरडवाहू शेतांतली, पुष्कळदा ज्वारीच्याच रानात पट्टे टाकून किंवा कडेने घेतलेली. शेंगदाणे मंद आचेवर भाजताना त्यांतली उरलीसुरली ओल जाते आणि भाजका वास तयार होतो. आच मोठी ठेवली तर बाहेरून करपतात आणि आत कच्चा दमटपणा राहतो, अशी चटणी लवकर बिघडते. मग सालं पाखडून लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचं. मुसळाच्या दाबाने पेशी चेपून फुटतात, तेल हळूहळू पाझरतं आणि भरड चुऱ्याला धरून ठेवतं. बोटांत दाबली तर चटणीची मूठ वळते, तरी ती ओली नसते. मिक्सरचं पातं दाणे कापतं. सलग फिरवलं तर तापून त्याचा लगदा होतो, आणि फार जपून फिरवलं तर कोरडी पूड मिळते. मिक्सर वर्ज्य आहे असं नाही, पण थांबत थांबत, झटके देत फिरवावा, आणि शेवटची चार मिनिटं खलबत्त्याला द्यावीत. त्या चार मिनिटांचा फरक कळायला जाणकार असावं लागत नाही.

जवसाचं प्रकरण जरा नाजूक आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-३ जातीच्या आम्लाचा असतो. तब्येतीसाठी ते चांगलं म्हणून त्याची जाहिरात होते, पण हेच आम्ल हवेने सगळ्यांत लवकर बिघडतं. अख्खं जवस डब्यात महिनोन्‌महिने राहतं, कारण त्याची साल पहारा देते. ते तसंच गिळलं तर मात्र पचनाच्या वाटेने बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. कुटल्याशिवाय त्याचा उपयोग नाही आणि कुटलं की ते टिकत नाही. या पेचातून घरच्या रीतीने काढलेली वाट साधी आहे: जवसाची चटणी थोडी थोडी करायची, आठवडाभरात संपवायची. महिन्याभराची बरणी शेंगदाण्याची किंवा तिळाची. तिळाच्या तेलात स्वतःचे काही रक्षक घटक असतात, म्हणून त्याचं तेल खवट व्हायला वेळ लागतो. कारळ्याची चटणी या दोहोंच्या मधे कुठेतरी बसते, आणि चवीत, माझ्या मते, या सगळ्यांच्या वर.

चटणीत पाणी चोरपावलाने येतं ते लसणातून. लसणाच्या पाकळीत साठ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. लसूण ठेचला की त्यातलं एक विकर दुसऱ्या घटकावर काम करून तो झणझणीत वास तयार करतं, आणि लसूण आधी भाजला तर ते विकर मरतं, वास सौम्य होतो. म्हणून कच्चा लसूण घातलेली चटणी चवीला तिखट पण टिकायला कमी, आणि तव्यावर कोरडा परतलेला लसूण घातलेली चटणी सौम्य पण प्रवासाला बरी. कोणती करायची ते बरणी किती दिवस पुरवायची यावर ठरतं. ठेच्याला हा हिशेबच लागू नाही. हिरव्या मिरचीत बहुतांश पाणीच. तव्यावर तेलाचे चार थेंब टाकून मिरच्या आणि लसूण फोड येईपर्यंत परतायचे, जाडं मीठ घालून तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचे, आणि दोन-तीन दिवसांत संपवायचे. तिखट लागलं की लोक पाणी पितात, ते उगाच. मिरचीतला दाहक घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. ठेच्यात शेंगदाणे घालणं, वर कच्चं तेल सोडणं, सोबत दही घेणं यांमागे ही समज आहे, मग ती कोणी शास्त्राच्या भाषेत सांगितलेली असो वा नसो.

या सगळ्याला ‘आपली प्राचीन परंपरा’ म्हणण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि दख्खनमध्ये त्याची मोठी लागवड अगदी अलीकडच्या काळातली. ज्वारीसुद्धा आफ्रिकेतून आली, अर्थात काही हजार वर्षांपूर्वी. तेव्हा ज्या शेंगदाण्याच्या चटणीला आज या भागाची ओळख मानतात, ती याच मुलखातल्या तुळजापूर-नळदुर्गच्या कित्येक दगडी भिंतींहून वयाने लहान आहे. पण यातून ही रीत उसनी आहे असं सिद्ध होत नाही. तीळ, जवस, कारळं भाजून कुटण्याची रीत होतीच. नवा, जास्त तेलाचा, जास्त गोडसर दाणा आला आणि त्याच उखळात गेला. हाच जिल्हा बघितला तर तेर, म्हणजे जुन्या ग्रीक नोंदींतलं तगर, पहिल्या-दुसऱ्या शतकात भडोचच्या बंदराशी व्यापार करत होतं. बाहेरची वस्तू घेऊन तिला आपल्या रीतीत बसवणं इथे काही नवं नाही. उलट जात तीच, पण दाणा अनोळखी असला की काय होतं हे १९७२च्या दुष्काळात दिसलं. अमेरिकेहून आलेला लाल मिलो ही ज्वारीच, पण त्याच्या भाकरीची तक्रार जुनी माणसं आजही करतात.

पोषणाच्या बाजूने येणारी हरकत जास्त गंभीर आहे, आणि भाकरीचे नवे भक्त तिचं नाव काढत नाहीत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, आणि पाण्यात शिजवल्यावर तिची प्रथिनं पचायला आणखी जड होतात. याहून मोठी गोष्ट म्हणजे १९६०च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली, सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास केला. त्यात उन्हाला उघडी असणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो. मूळ कारण नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव. ज्वारीतलं ल्युसिन हे आम्ल ती उणीव वाढवतं असं त्यांनी मांडलं, आणि त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. हा रोग होई तो जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांना. आणि इथे चटणीचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे बारा मिलिग्रॅम नायसिन असतं. म्हणजे दोन चमचे चटणी दिवसाच्या गरजेचा सातवा-आठवा हिस्सा पुरवते. हे प्रमाण फार नाही, पण कोरड्या भाकरीपेक्षा पुष्कळ बरं. लायसिनची उणीव मात्र शेंगदाणा भरून काढत नाही, कारण त्याच्यातही ते बेताचंच. ते काम तुरीच्या वरणाचं, हरभऱ्याच्या पिठल्याचं, शेंगोळ्यांतल्या हुलग्याचं. तेव्हा भाकरी-चटणी हे पूर्ण जेवण आहे असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, आणि ज्या घरांत तेवढंच असायचं तिथे ते आवडीने असायचं असंही नाही. आणखी एक सावधगिरी: दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यावर येणारी पिवळट-हिरवी बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे निवडून फेकणं हे नुसतं नीटनेटकेपण नाही.

सगळंच कोरडं असतं असंही नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, धाराशिव आणि लातूरकडची घरं शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा करतात आणि तिथेच जेवतात. त्या जेवणातली भज्जी म्हणजे तूर, वाटाणा, हरभरा यांच्या ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची घट्ट भाजी, आणि आंबिल म्हणजे ज्वारीचं पीठ शिजवून ताकात आंबवलेलं पेय. तिथे पाणी भरपूर आहे, पण राखण आंबटपणा करतो: आंबताना तयार होणारं आम्ल नको त्या जिवाणूंना थारा देत नाही, आणि ज्वारीची जड प्रथिनं पचायलाही थोडी सोपी होतात. धपाट्यांत दोन्ही रीती एकत्र येतात. ज्वारी, गहू, बेसन यांच्या पिठात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि दही, गोळा ओल्या फडक्यावर थापलेला, तव्यावर मधोमध भोकं पाडून तेल सोडलेलं. गव्हाचं जाळं, दह्याचं आंबट आणि तेल या तिघांमुळे ते दुसऱ्या दिवशीही मऊ राहतं, म्हणून प्रवासाच्या शिदोरीत मऊ भाकरीऐवजी धपाटे असतात. मराठवाड्याच्या न्याहारीतला सुशीलाही असाच: चुरमुरे पाण्यातून काढून लगेच पिळायचे, दाण्यांच्या फोडणीत परतायचे. पाण्यात अर्धं मिनिट जास्त राहिले की लगदा.

आता सगळ्यांत खरी हरकत. आधण ठेवा, एकेक गोळा रगडा, थापा, आरावर शेका, उखळात कुटा: हे तंत्र कितीही शहाणं असलं तरी त्याचे श्रम कोणाचे? पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे, आणि या जिल्ह्यात तर पाणी भरून आणण्याचेही. पोळी लाटायला सोपी, कणीक एकदाच भिजवायची. ज्यांनी भाकरी सोडली त्यांना परंपरेची आठवण करून देणारे बहुधा काठवटीपुढे बसलेले नसतात. हे मान्य करून एवढंच म्हणता येईल की या रीतीतच श्रम वाचवण्याचाही विचार होता: कडक भाकरी एका दिवशी पंधरवड्याची, चटणी एकदा कुटून महिन्याची. आज बचतगटांच्या बायका नेमके हेच दोन पदार्थ विकून पैसे मिळवतात, कारण टिकणारी वस्तूच बाजारापर्यंत पोचते. भाकरी थापण्याची यंत्रंही आली आहेत. थापण्याचा भाग ती उरकतात, पण जुनं पीठ त्यांच्यातही चिरतं.

भाकरीचं पुढे काय होणार हे मात्र स्वयंपाकघरात ठरत नाही. खरिपात सोयाबीन आलं आणि उडीद-मुगानंतर रब्बीच्या ज्वारीला मोकळी मिळणारी जमीन कमी झाली. सोयाबीन निघाल्यावर पुष्कळजण हरभराच पेरतात, काढणी सोपी म्हणून. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती, पण रेशनच्या दुकानातून घरी येतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. तरीही ज्वारी शेतातून गेलेली नाही, आणि त्याचं मोठं कारण भाकरी नसून कडबा आहे. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या खव्यामागे म्हशी आहेत आणि म्हशींपुढे कडब्याची पेंढी. दुष्काळी वर्षी तर कडबा दाण्याच्या बरोबरीने पैसे देऊन जातो. बुटक्या संकरित वाणांचा दाणा जास्त, पण कडबा कमी आणि जाड, जनावरं तो टाकून देतात. मालदांडी माणसाच्या डोक्यावर जाते, तिचं ताट बारीक आणि गोड. दावणीच्या दृष्टीने हा गुण तिच्या दाण्याच्या चवीइतकाच मोलाचा आहे, आणि परंडा-भूम-वाशीचा शेतकरी पेरणीच्या वेळी बहुधा त्याचाच हिशेब आधी करतो.